दोनचा खांब, तीनची जागा

चवथीच्या आधी आमच्या घरी माळ्यापासून कोठीपर्यंत सगळं झाडून काढतात. गेल्या वर्षी त्याच झाडझुडीत छपरी पलंगाच्या पायाशी तांदळाच्या पिठासारखी ढिगुली दिसली. चिमटीत धरली तर पावडरीसारखी मऊ, जराही कचकच नाही. झाडून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी पुन्हा तेवढीच.

गोव्यात सावईवेऱ्याच्या आमच्या जुन्या घरात राजांगणाला, म्हणजे आतल्या चौकाला, लागून जी मोठी खोली आहे, तिथं हा पलंग माझ्या आठवणीपासून आहे. सव्वासहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि छपरापर्यंत जवळजवळ आठ फूट उंच. चारही खांब दोरीच्या पिळासारखे कातलेले, प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक अननस. उशाच्या फळीवर मधोमध कलश, त्यातून दोन्हीकडे गेलेल्या वेली आणि वेलींवर एकमेकांकडे तोंड केलेले दोन मोर. वडील याच पलंगावर जन्मले, आजी याच पलंगावर गेली. घरात सगळे म्हणायचे, हा कुणा पोर्तुगीज अंमलदाराचा पलंग, तो परत जाताना पणजोबांनी घेतला. मी लहानपणी मैत्रिणींना हे फार अभिमानाने सांगत असे.

पण पलंग ओळखू येत नव्हता, हेही खरं. काकांच्या लग्नात, १९७४ साली, त्याला चॉकलेटी ऑइलपेंट फासला होता आणि नंतर त्यावर आणखी दोनदा. मोरांचे डोळे बुजले होते. छप्पर उजवीकडे कललेलं. बसलं की कुठूनतरी करकरायचा.

पुण्याला असलेल्या थोरल्या भावाला फोन केला. तो म्हणाला, “किती दिवस सांभाळणार? कुणी घेत असेल तर देऊन टाक.” तसा घेणारा आलाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलांना जुनं सामान पुरवणारे एक गृहस्थ. पाच मिनिटं पलंगाकडे पाहिलं आणि म्हणाले, फक्त उशाची फळी द्या, बाकी तुम्ही ठेवा. ती फळी कापून भिंतीवर लावायची, वर दिवा सोडायचा. परदेशी गिऱ्हाईक मिळालं तर दाम दुप्पट, असंही बोलून गेले. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, तसा १९७२ चा कायदाच आहे. ते मी त्यांना सांगितलं. पण त्या दिवशी माझ्या मनाला लागलं ते वेगळंच. फळी कापली की मागे उरणार चार खांब आणि एक छप्पर. त्याला पलंग कोण म्हणेल? त्या रात्री भावाला कळवलं, पलंग जाणार नाही, खर्च मी करते.

कीड मारणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने वरून फवारा मारून वर्षभराची हमी द्यायची तयारी दाखवली. बरं झालं, मी थांबले. लाकडावर तीन थर रंग असताना वरून मारलेलं औषध आत शिरणार कुठून? हे मला नंतर मेस्तांनी समजावलं.

मेस्त म्हणजे डिचोलीकडचे एक सुतार, वय सत्तरीच्या पुढे. देवळांच्या मखरांची, जुन्या दारांची कामं केलेले. आल्या आल्या त्यांनी उशाच्या कोरीवकामाकडे पाहिलंसुद्धा नाही. लुंगी सावरून पलंगाखाली गेले, हातात विजेरी आणि गोणपाट शिवायचा दाभण. तासभर ते खालीच होते. मी जमिनीवर बसून ते सांगतील ते वहीत उतरवत होते. पलंगाची स्थिती बघायची म्हणजे काय करायचं असतं, ते मी त्या तासात शिकले.

विजेरी समोरून न धरता लाकडाला चिकटवून आडवी धरायची. मग उंचवटे, चिरा, जुने सांधे सावल्यांनी उठून दिसतात. दाभण हलक्या हाताने टेकवायचा. निरोगी शिसवीत तो शिरत नाही, पोखरलेल्या जागी बिस्किटात जावा तसा जातो. बोटाच्या पेराने ठोकत जायचं, भरीव आणि पोकळ आवाजातला फरक दोन मिनिटांत कळायला लागतो. एका आडोशाच्या जागी रंग खरवडून त्यांनी स्पिरिटचा कापूस दाबला. खालचा थर चिकट झाला, कापसाला तपकिरी डाग आला. म्हणजे मूळ पॉलिश चपडी लाखेचं, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते, ऑइलपेंट विरघळत नाही.

पिठाचंही कोडं सुटलं. ती वाळवी नव्हती. जमिनीतून येणारी वाळवी मातीच्या नळ्या बांधत येते आणि असं मऊ पीठ मागे ठेवत नाही. हा घुण. झाडाच्या खोडात बाहेरच्या बाजूला फिकट लाकडाचा पट्टा असतो, त्यात पिष्ट असतं आणि घुणाची अळी त्यावर जगते. आतला काळसर गाभा तिला मानवत नाही. जुन्या सुतारांनी गाभाच वापरायचा, पण कधी रुंदी कमी पडली की कडेचा फिकट पट्टाही तसाच राहायचा, वरून पॉलिश झालं की कळायचं नाही. आमच्या पलंगाच्या उजव्या बाजूच्या पट्टीला आणि छपराच्या दोन दांड्यांना असा पट्टा होता आणि घुणाने बरोबर तेवढाच खाल्ला होता. मिलिमीटर-दीड मिलिमीटरची गोल भोकं, जशी सुईने टोचलेली. मेस्तांनी आणखी एक सांगितलं, ते मला मोलाचं वाटतं. भोक दिसलं म्हणजे तो भुंगेरा बाहेर पडून गेला. भोकांना घाबरायचं नाही, ताज्या पिठाला घाबरायचं.

पाय मात्र घुणाने नव्हे, ओलीने गेले होते. खोलीची जमीन माझ्या लहानपणापर्यंत शेणाने सारवायची होती. दर चार-आठ दिवसांनी ओला पोतेरा पायांना लागणार, आणि आमच्याकडचा पाऊस तर तुम्हाला ठाऊक आहे. पुढे सिमेंटचा कोबा आला, तरी खालची ओल वर येतच राहिली. चारांपैकी दोन पायांची खालची तीन-चार इंचं हाताने कुस्करली जातील अशी झाली होती. छपराच्या फळ्यांवर कौलांतून गळलेल्या पाण्याचे डाग, वर कौलांची भुकटी, पालीची घाण, वाळकी पानं, तीन बादल्या भरल्या. छप्पर कशासाठी असतं त्याचा तो पुरावाच होता. नळ्यांच्या कौलाखाली, आढ्याला पाटणी नसलेल्या खोलीत, हे सगळं झोपलेल्या माणसाच्या अंगावर पडलं असतं. मच्छरदाणी बांधायची सोय हे त्याचं दुसरं काम.

पलंगाखालून बाहेर आल्यावर मेस्त एवढंच म्हणाले, “भितरलें बरें आसा.” मला रडू आलं.

तरी काम लगेच सुरू झालं नाही. “पावसांत पालिस ना,” त्यांनी निक्षून सांगितलं. हवा दमट असताना चपडीचं पॉलिश केलं तर ओल थराखाली अडकते आणि लाकडावर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतर बघू. मधल्या काळात मी पलंगाखाली काळा कार्डपेपर चिकटपट्टीने लावून ठेवला आणि दर रविवारी पीठ कुठं पडतंय त्याचा नकाशा वहीत काढत गेले. पाच ठिकाणं निघाली. चांदरला मेनेझिस ब्रागांझांच्या वाड्यातलं शिसवी सामान पाहून आले, बाणावलीचं ‘गोवा चित्र’ हे जुन्या वापरातल्या वस्तूंचं संग्रहालय पाहिलं. हातांनी वापरायच्या वस्तू तिथं ज्या मायेने ठेवल्या आहेत त्याने मला धीर आला. खांबाला असा पीळ द्यायची रीत १७ व्या शतकात पोर्तुगालमध्ये फार चालली आणि इथल्या कारागिरांच्या हातात पुढं कितीतरी काळ राहिली. तेव्हा पीळ आहे म्हणून पलंग तितका जुना, असं म्हणता येत नाही.

नोव्हेंबरात पलंग सोडवायला घेतला. आधी चारही बाजूंनी फोटो, मग प्रत्येक तुकड्याला सुतळीने चिठ्ठी. हे पलंग सुटे होण्यासाठीच केलेले असतात, खाचेत कुसू, म्हणजे लाकडाचं तासलेलं टोक, बसतो आणि लोखंडी बोल्ट ते आवळून धरतो. आमचा मात्र सुटेना. छपराच्या उजव्या कोपऱ्यात खिळेच खिळे. दीड दिवस फक्त खिळे काढण्यात गेला, लाकडाला दाब बसू नये म्हणून पक्कडीखाली चामड्याचा तुकडा ठेवून. एकूण २३ निघाले. उजवीकडच्या पुढच्या खांबाचा कुसू उभा चिरलेला होता, खाचेत वरून एक आंब्याच्या लाकडाची पाचर ठोकलेली.

आणि मग मेस्तांनी तो कुसू पुसला, चष्मा कपाळावर चढवला, मला जवळ बोलावलं. कुसूच्या गालावर पटाशीच्या टोकाने कोरलेला आकडा होता, २. आपला देवनागरी दोन. ज्या खाचेतून तो निघाला तिथं होता ३.

“हो खांबो हांगाचो न्हय, बाय.”

चारही सांधे तपासले. १ जागेवर, ४ जागेवर. २ आणि ३ यांची अदलाबदल. हाताने केलेल्या सामानात प्रत्येक कुसू आपापल्या खाचेपुरता तासलेला असतो, एका खाचेचा दुसरीत जात नाही. कुणीतरी हातोड्याने घातला, तो फाटला, मग पाचर मारली, मग खिळे. छप्पर कललं ते तिथून, पलंग करकरायचा तो तिथूनच. मी डिचोलीला आत्याला फोन लावला. ती ८२ वर्षांची आहे आणि तिला सगळं आठवतं. म्हणाली, “अगं, बाळाच्या लग्नात माजघरातून त्या खोलीत हलवला नव्हे का! सुतार मिळाला नाही ऐनवेळी. मंडपवाल्या पोरांनी जोडला.” बाळ म्हणजे माझे काका, तेव्हा रंग आणि चुकलेले खांब, दोन्ही त्याच आठवड्यातले. ज्यांनी केलं त्यांना दोष देववत नाही, लग्नघरात पलंग वेळेवर उभा राहिला पाहिजे होता.

त्या आकड्यांनी घरातली जुनी गोष्ट मात्र हलवली. पोर्तुगीज अंमलदाराने आपल्या हौसेसाठी करवून घेतला असेल, नसेल, पण ज्याने तो केला त्याने मोजणी मराठी आकड्यांत केली होती. छपराच्या कंसांना जे स्क्रू होते ते टोकदार. असे स्क्रू १८४० च्या दशकानंतरच सर्रास मिळू लागले, त्याआधीच्यांचं टोक बोथट असायचं. पलंग इथल्या थवयाच्या, म्हणजे सुताराच्या, हातचा, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, असं मी आता मानते. भाऊ म्हणाला, मग किंमत कमी झाली की. मला उलट वाटलं. कलश आणि मोर अंमलदाराने कशाला मागितले असते, हा प्रश्न इतक्या वर्षांत आम्हाला कुणालाच पडला नव्हता.

रंग काढायचं काम मी स्वतः केलं, सुट्टी घालून. लोकांनी कॉस्टिक सोडा सुचवला, मशीनने घासा म्हणाले. सोड्याने शिसव काळवंडते आणि सांध्यातला सरस सुटतो. घासलं तर कोरीवकामाच्या कडाच जातात. शिवाय जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, त्याची धूळ नाकात जाणं वाईट. म्हणून घट्ट, जेलीसारखं रिमूव्हर, हातमोजे, मास्क, दारं-खिडक्या उघड्या, आणि हत्यार म्हणून बांबूच्या चिरफाळ्या आणि जुने टूथब्रश. लोखंड अजिबात नाही. दिवसाला वीतभर काम व्हायचं.

डाव्या मोराची मान मोकळी झाली तो दिवस माझ्या लक्षात आहे. चॉकलेटी साल निघाली आणि खालून जांभळट काळं लाकूड वर आलं, तेलकट, रेषारेषांचं. डोळ्याच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा, त्याभोवती एकाच फटक्यात फिरवलेली गोल पटाशी. वर्तुळ जिथं जुळतं तिथं केसभर ओलांडून गेलेली खूण. हात तिथं थांबला होता. पुढे उजवा मोर निघाला तेव्हा दिसलं की दोन्ही एका हातचे नाहीत. डाव्याच्या पिसाऱ्यावरच्या रेषा खोल आणि एकसारख्या, उजव्याच्या उथळ, दोन ठिकाणी घसरलेल्या. मेस्त म्हणाले, एक बापाने केला असेल, एक शिकणाऱ्या पोराने. त्यांनी स्वतः वडिलांकडे असंच शिकलं होतं, देवळाच्या दारावर, एक पाकळी वडिलांची, एक त्यांची. घसरलेल्या रेषा भरून सारख्या करू का, असं त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

लाकूड उघडं झाल्यावर औषध. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं कोमट पाण्यातलं द्रावण ब्रशने तीनदा, आणि पोखरलेल्या भागात इंजेक्शनच्या सिरिंजने भोकाभोकांतून. एका भोकात घातलं की शेजारच्या चार भोकांतून बाहेर यायचं, इतकी आत भुयारं. पंधरा दिवस सुकू दिलं. मग भोकं मेणात काजळ घालून बुजवली. यामागे हिशोब आहे. सगळी जुनी भोकं बंद असली की नवं पडलेलं लगेच दिसतं.

कुजलेल्या पायांची तीन-चार इंचं कापावी लागली. त्यासाठी नवी शिसव विकत घेतली नाही. गावातल्या एका पाडलेल्या घराची शिसवी दाराची चौकट मिळाली, तिचे तुकडे रेषा जुळवून तिरक्या सांध्याने बसवले. फेविकॉल मी आणून ठेवला होता, तो तसाच परत केला. मेस्तांनी पितळी भांड्यात पाण्यावर सरस वितळवला. वास अख्ख्या घरात. पण सरसाचा सांधा पुढं कुणाला सोडवायचा झाला तर उष्णतेने आणि वाफेने सुटतो, लाकूड न फाडता. चिरलेला कुसूही त्यानेच जोडला.

एक शोध उशिरा लागला. बैठकीवर नंतर कधीतरी बसवलेलं प्लायवूड काढल्यावर चौकटीच्या आतल्या कडेला बोटाबोटाच्या अंतरावर भोकं दिसली, सगळीकडे सारखी. ती घुणाची नव्हेत, वेताची. मूळ पलंगाला वेताची विणलेली बैठक होती, आमच्या हवेत खालून वारा खेळावा म्हणून. ती पुन्हा करायची की नाही यावर मी महिनाभर घोळ घातला, कारण विणणारा मिळेना. शेवटी सावंतवाडीकडून एक जण आला. वेताच्या पट्ट्या रात्रभर पाण्यात भिजत, सकाळी ओल्याच विणायच्या. विणताना बैठक सैल वाटते. मी काळजीत पडले. दोन दिवसांनी सुकल्यावर बोट मारलं तर डफासारखी वाजली.

पॉलिश फेब्रुवारीत झालं, सकाळी ऊन चढल्यावर सुरू, दुपारी चारला बंद. कापूस मलमलीत गुंडाळून, चपडी-स्पिरिटमध्ये बुडवून, हलक्या हाताने, थरावर थर, बारा दिवस. डाव्या बाजूच्या पट्टीवर मधोमध एक जागा आहे, हातभर लांब, दोन-तीन मिलिमीटर खोलगट. तिथं पाय खाली सोडून पिढ्यान्पिढ्या बायका बसल्या, मुलांना पाजलं, केस विंचरले. भावाने फोटो बघून विचारलं, तेवढं सपाट नाही का करता आलं? मेस्तांनी ती जागा फक्त पुसली. तिथं आधीच त्यांच्या पॉलिशपेक्षा चांगली चकाकी होती.

पाच महिने गेले आणि मजुरी, वेत, औषधं मिळून ९० हजारांच्या आसपास खर्च झाला. पैसे जपूनच जमवलेले होते, पण एका रुपयाचंही वाईट वाटत नाही. सगळं बरं झालं असंही नाही. तीनच्या खांबाला वरपासून वीतभर चीर आहे, ती वाढत नाहीय म्हणून तशीच ठेवली. छपराच्या दोन फळ्यांवरचे पाण्याचे डाग निघाले नाहीत. पायांखाली आता ग्रॅनाइटचे तुकडे आहेत आणि पलंग भिंतीपासून फूटभर पुढे घेतला आहे.

मे महिन्यात आत्या आली. दारातच थांबली, मोरांकडे पाहिलं, म्हणाली, “हे मी विसरलेच होते. डोळे होते त्यांना.” मग पलंगाजवळ गेली आणि कुणी न सांगता त्या खोलगट जागी बसली. बसताना आवाज झाला नाही.

जूनमध्ये मी काळा कागद पुन्हा खाली लावला. जुलैच्या तिसऱ्या रविवारी उजव्या पट्टीखाली चिमूटभर पीठ आणि मेणाच्या ठिपक्यांत एक नवं भोक. सिरिंज काढली, औषध भरलं, भोक बुजवलं, वहीत तारीख लिहिली. त्यानंतरच्या सहा रविवारी कागद कोरा आहे.